डॉ. सुब्बाराव, पिवळं औषध आणि परदेशात डॉक्टर-संशोधक होण्याची वाट

वैनगंगा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, पण काही गाळावंसं वाटलं नाही.

मी मूळची भंडारा जिल्ह्यातली. एमबीबीएस नागपूरला झालं. मधली तीन वर्षं सोडली तर गेली चौदा वर्षं बॉस्टनला आहे. रक्ताचा कर्करोग झालेल्या लहान मुलांवर उपचार करते आणि आठवड्यातले तीन दिवस प्रयोगशाळेत असते, त्याच रोगाच्या पेशींवर काम करत. अशा दुहेरी कामाला मराठीत मी डॉक्टर-संशोधक म्हणते, कुणाला याहून चांगला शब्द माहीत असेल तर सांगा.

मंगळवार हा आमच्याकडे पाठीतून औषध द्यायचा दिवस. मुलाला गुंगी दिलेली असते. नर्स त्याला कुशीवर वळवते, गुडघे पोटाशी घेते, पाठीची कमान होते. कमरेच्या दोन मणक्यांमधली जागा बोटानं चाचपायची आणि सुई आत सरकवायची. एका क्षणी हाताला बारीकसा झटका जाणवतो आणि नितळ पाण्याचा थेंब सुईतून बाहेर येतो. मग सिरिंज लावायची. तिच्यातलं औषध पिवळं असतं, हळदीचं बोट बुडवलेल्या पाण्यासारखं. ते सावकाश सोडायचं. मेथोट्रेक्सेट त्याचं नाव. शिरेतून दिलेली बरीचशी औषधं मेंदूभोवतीच्या पाण्यात पुरेशी उतरत नाहीत आणि रोग तिथे दडून बसतो, म्हणून ही पाठीची वाट.

आता माझ्या आजीबद्दल. आमच्याकडे हत्तीरोग जुना. आजीचा उजवा पाय गुडघ्याखाली खांबासारखा झाला होता. कातडी जाड, बोटांच्या बेचक्यांत चिरा. पावसाळ्यात थंडी वाजून ताप भरायचा, पाय लालबुंद व्हायचा आणि ती आठवडाभर अंथरूण धरायची. रात्री नऊ-दहाला आरोग्य खात्याची माणसं बॅटऱ्या घेऊन दारात यायची आणि आम्हा सगळ्यांच्या बोटातून रक्त घ्यायची. या जंतांची पिल्लं रात्रीच अंगभर रक्तात फिरतात, म्हणून रात्रीची वेळ. ज्यांच्या रक्तात ती सापडायची त्यांना पांढऱ्या गोळ्या मिळायच्या. डीईसी.

ते पिवळं औषध आणि या पांढऱ्या गोळ्या, दोन्ही एकाच प्रयोगशाळेत, एकाच माणसाच्या हाताखाली तयार झाली हे मला वयाच्या तिसाव्या वर्षी कळलं. तोवर मी दोन्ही औषधं पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती, रुग्णांना दिली होती. माणसाचं नाव येल्लाप्रगडा सुब्बाराव. ते कळलं त्या रात्री मी आईला फोन करून उठवलं.

सुब्बारावांचा जन्म १८९५ चा, गोदावरीकाठच्या मुलखातला, भीमावरमचा. वडील लवकर गेले, घरात ओढाताण. मॅट्रिक तिसऱ्या खेपेला सुटली. रामकृष्ण मठात जाऊन संन्यास घ्यायचं मनात होतं, पण शेवटी मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाले. खर्च सासऱ्यांनी उचलला. असहकाराचे दिवस होते. हा मुलगा शस्त्रक्रियेच्या वर्गात खादीचा डगला घालून गेला, प्राध्यापकांची मर्जी खप्पा झाली आणि लेखी परीक्षा चांगली जाऊनही एमबीबीएसऐवजी खालच्या दर्जाची एलएमएस पदवी हातात पडली. तेव्हाच घरात एक भाऊ संग्रहणीनं दगावला होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

काकिनाड्याच्या एका धर्मादाय निधीची आणि पुन्हा सासऱ्यांची मदत घेऊन १९२० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते बॉस्टनला आले. हार्वर्डमध्ये उष्ण प्रदेशातल्या रोगांचा अभ्यासक्रम केला. डॉक्टरकी करायचा परवाना मात्र नव्हता. पोटासाठी त्यांनी इथल्या एका रुग्णालयात रात्रपाळीचं पोर्टरचं काम धरलं. मद्रासला डॉक्टर झालेला माणूस रात्रभर रुग्णांची बेडपॅनं उचलून धूत होता. मी रोज ज्या रस्त्यानं कामावर जाते त्याच भागात हे घडलंय. पहाटे पाळी संपवून घरी निघालेले पोर्टर दिसले की मी अजूनही थांबून नमस्कार करते. त्यांच्यातलं कोण कुठे काय शिकून आलंय हे कपड्यांवरून कळत नाही.

पुढे हार्वर्डच्या जीवरसायन विभागात सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी काम केलं. १९२५ मध्ये रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत, १९२७ मध्ये स्नायूंमधलं फॉस्फोक्रिएटिन, १९२९ मध्ये एटीपी. म्हणजे आपण हात हलवतो तेव्हा खर्च होणारी पुंजी. जर्मनीत लोहमान यांनाही त्याच वर्षी एटीपी सापडलं. इतकं होऊनही हार्वर्डनं त्यांना कायमची जागा दिली नाही. तिथेच शिकलेले जॉर्ज हिचिंग्ज, ज्यांना १९८८ चं नोबेल मिळालं, त्यांनी नंतर सांगितलंय की सुब्बारावांनी वेगळे केलेले काही पदार्थ पुढे इतरांना नव्यानं शोधावे लागले, कारण फिस्क यांनी ते काम बाहेर येऊ दिलं नाही.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्कजवळ पर्ल रिव्हरला लेडर्ली या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथल्या आठ वर्षांत या माणसानं जे केलं ते वाचून मला अजूनही श्वास घ्यायला थांबावं लागतं. १९४५ मध्ये त्यांच्या चमूनं फोलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं. संग्रहणीत जे रक्त आटतं ते या जीवनसत्त्वानं भरून येतं. भाऊ गेला त्याला तोवर पाव शतक होऊन गेलं होतं. मग त्याच रेणूत थोडा फेरफार करून त्यांनी खोटं फोलिक आम्ल बनवलं. पेशी ते खरं समजून आत घेते आणि तिची वाढ अडते. बॉस्टनचे सिडनी फार्बर यांनी ते रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं. तोवर या मुलांचं आयुष्य आठवड्यांत मोजायचे. १६ मुलांपैकी १० मुलांचा रोग काही काळ मागे हटला. हे जून १९४८ मध्ये छापून आलं. माझं मंगळवारचं पिवळं औषध म्हणजे त्या खोट्या फोलिक आम्लाचंच भावंड. हत्तीरोगाची डीईसी १९४७ ची. ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक त्यांच्याच विभागात डग्गर यांनी शोधलं, ते १९४८ मध्ये आलं.

ऑगस्ट १९४८ मध्ये सुब्बाराव झोपेत गेले. वय ५३.

अमेरिकेत पाव शतक राहिले आणि शेवटपर्यंत परके म्हणूनच राहिले. १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून त्याला नागरिकत्व नाही. तो दरवाजा १९४६ मध्ये उघडला, पण हिंदुस्थानातून नव्यानं येणाऱ्यांसाठी वर्षाला १०० माणसांपुरताच.

आता धाग्याचं कारण. नात्यातली, ओळखीतली मुलं मला विचारतात, ताई, परीक्षा कोणत्या, पुस्तकं कोणती. ते मी सांगते. पण या वाटेवर हुशारीपेक्षा जास्त वेळा कागद आडवा येतो, आणि ते कुणी आधी सांगत नाही. सुब्बारावांना परवान्याचा कागद आडवा आला, मला व्हिसाचा. फेलोशिपमध्ये असताना मी एका मोठ्या अनुदानासाठी पाच महिने खपून अर्ज लिहिला. मुदतीला तीन आठवडे उरले असताना कार्यालयातून निरोप आला की या अनुदानाला ग्रीनकार्ड लागतं. पाच महिन्यांत कुणीच विचारलं नव्हतं, मलाही सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी पेशींच्या खोलीत जाऊन दार लावून रडले.

ज्यांना या वाटेबद्दल विचारायचं असेल त्यांनी इथेच विचारा. सुब्बारावांबद्दल कुणाला अधिक माहीत असेल तर जरूर लिहा.

चंद्रपूरकर

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी हिवताप-हत्तीरोगाच्या कामात आरोग्यसेवक म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. चंद्रपूर, गडचिरोली दोन्हीकडे राहिलो. तुमच्या आजीच्या दारात बॅटरी घेऊन आलेल्या माणसांसारखाच मी एक.

रात्रीचं रक्त घेणं फार अवघड काम होतं. दिवसभर धान कापून झोपलेल्या माणसाला उठवायचं आणि म्हणायचं, बोट द्या. लोक म्हणत, दिवसा या ना. मग अंगणात बसून समजवायचं की किडा दिवसा आत लपतो, रात्री वर येतो, त्याच वेळी क्यूलेक्स डास चावतो आणि घेऊन जातो. काचपट्टीवर तीन रेघा ओढायच्या रक्ताच्या, वाळवायच्या, नंबर टाकायचा.

पुढे वर्षातून एकदा गावातल्या सगळ्यांनाच गोळ्या द्यायचं धोरण आलं. दोन ते पाच वर्षांच्या मुलाला डीईसीची एक, सहा ते चौदाला दोन, पंधराच्या वर तीन, आणि सोबत अल्बेंडाझोल या जंतांच्या औषधाची एक. गरोदर बाई, दोन वर्षांखालचं मूल आणि फार आजारी माणूस यांना नाही. उपाशीपोटी नाही. आणि गोळी हातात देऊन निघून यायचं नाही, आपल्यासमोर गिळवायची. ही शेवटची अट सगळ्यात जड. कित्येक घरी गोळ्या देवळीत तशाच सापडायच्या.

लोक घाबरत, कारण काहींना गोळीनंतर ताप यायचा, गरगरायचं. आमचे साहेब सांगायचे, ज्याच्या अंगात किडे जास्त त्याला त्रास जास्त, किडे मरतात म्हणून होतो. हे एकदा पटलं की गाव गोळी घ्यायचं. एका गावात तर एक म्हातारा दरवर्षी सगळ्यांच्या आधी ओट्यावर येऊन बसायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, आणा माझ्या तीन.

तीस वर्षं ही गोळी वाटली आणि ती कुणी शोधली हे कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आज नाव कळलं. लिहून ठेवलंय डायरीत.

निळी_शाई

फार चांगला धागा. मी जीवरसायनशास्त्र शिकवते, फॉस्फरस मोजायची ती फिस्क-सुब्बाराव पद्धत आमच्याकडे अजून प्रात्यक्षिकात असते. त्यातली एक बारीकशी गोष्ट सांगते, कारण सुब्बारावांची नजर तिच्यात दिसते.

रक्तातली प्रथिनं आधी गाळून काढायची. उरलेल्या पाण्यात अमोनियम मॉलिब्डेट घालायचं, ते फॉस्फेटला जाऊन चिकटतं. मग दुसरं एक रसायन घातलं की निळा रंग चढतो. जितकं फॉस्फेट जास्त तितका निळा गडद. मुलं परीक्षानळ्या खिडकीसमोर ओळीनं धरतात तेव्हा फिक्या आकाशापासून शाईपर्यंतचे निळे एका रांगेत दिसतात. माझ्या नावाचं मूळ तेच आहे.

आता स्नायूचा रस या पद्धतीनं तपासताना रंग लगेच पूर्ण चढेना. हळूहळू गडद होत राहिला. दुसऱ्या कुणी रसायन शिळं झालंय म्हणून फेकून दिलं असतं. या दोघांनी विचार केला की रंग उशिरा येतोय म्हणजे काही फॉस्फेट आधी कशाला तरी बांधलेलं आहे आणि आम्लात हळूहळू सुटतंय. ते ज्याला बांधलेलं होतं ते क्रिएटिन. असं सापडलं फॉस्फोक्रिएटिन. स्नायू लॅक्टिक आम्लाच्या जोरावर आखडतो या कामाला १९२२ चं नोबेल मिळून चार-पाचच वर्षं झाली होती, ते चित्रच बदललं.

यापुढे प्रात्यक्षिकाच्या दिवशी बेडपॅनची गोष्टही सांगणार आहे. इतकी वर्षं मी मुलांना फक्त आडनाव सांगत आले.

तिसरं_वर्ष

वैनगंगाताई, मी सरकारी कॉलेजात एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला आहे. वडील एसटीत वाहक. मला रुग्ण बघायचे आहेत आणि संशोधनही करायचंय, दोन्ही. सिनियर म्हणतात, दोन्ही डगरींवर पाय ठेवू नकोस. अमेरिकेचा रस्ता नेमका कसा असतो? आणि तुम्ही म्हणता तो कागद नेमका कुठे कुठे आडवा येतो? कृपया सविस्तर सांगा, आमच्याकडे विचारायला कुणी नाही.

वैनगंगा

@चंद्रपूरकर काका, ओट्यावरच्या आजोबांना माझा नमस्कार. काचपट्टीवरच्या तीन रेघा मी विसरले होते, तुम्ही लिहिल्यावर डोळ्यांसमोर आल्या.

@तिसरं_वर्ष, आधी हे ऐक की दोन डगरी वाटतात त्या पुष्कळदा एकाच नदीच्या असतात. आता रस्ता.

अमेरिकन मुलं इथे एमडी-पीएचडी एकत्र करतात, सात-आठ वर्षं, आणि बऱ्याच ठिकाणी सरकार शिकवणीसकट खर्च देतं. ही योजना १९६४ पासून आहे. तो सरकारी पैसा नागरिकांना आणि ग्रीनकार्डवाल्यांनाच मिळतो. आपल्यासारख्यांसाठी ती वाट जवळजवळ बंद. आपण येतो ते एमबीबीएस करून, स्टेप १ आणि स्टेप २ सीके या इथल्या परवान्याच्या परीक्षा देऊन, मग रेसिडेन्सीच्या, म्हणजे रुग्णालयातल्या प्रशिक्षणाच्या जागांच्या वाटपात, त्याला मॅच म्हणतात. त्याचा निकाल मार्चमध्ये लागतो. जानेवारी २०२२ पासून स्टेप १ ला गुण नसतात, नुसतं पास-नापास. त्यामुळे आता अर्जात संशोधनाला जास्त वजन आलंय. कित्येक जण आधी वर्ष-दोन वर्षं कुणाच्या तरी प्रयोगशाळेत काढतात, पुष्कळदा बिनपगारी किंवा तुटपुंज्या पगारावर. मी एक वर्ष काढलं. चौघींत एक खोली, आणि रात्री भात उरवायचा म्हणजे सकाळी फोडणीचा भात होई.

पहिला कागद इथे येतो. रेसिडेन्सी बहुतेकदा जे-१ व्हिसावर होते. ती संपली की दोन वर्षं मायदेशी राहायचं बंधन. ते माफ करून घ्यायचं असेल तर डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी करायची. प्रत्येक राज्याला वर्षाला अशा ३० जागा असतात. नोकरी चांगली असते, गरजू लोक भेटतात, मी तिथे शिकलेही खूप. पण ती पूर्णवेळ रुग्णांची नोकरी आहे. जवळपास प्रयोगशाळा नसते. संशोधकाच्या आयुष्यात फेलोशिपनंतरची तीन वर्षं म्हणजे नांगरून ठेवलेलं रान ऐन पावसात सोडून जाणं.

माझ्या पेशींच्या छोट्या कुप्या तेव्हा द्रव नायट्रोजनच्या टाकीत ठेवून गेले. प्रयोगशाळेतली तंत्रज्ञ बाई, चीनमधून आलेली, दर महिन्याला टाकीतली पातळी बघायची आणि मला फोटो पाठवायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. तीन वर्षांनी परत येऊन कुप्या कोमट पाण्यात धरून वितळवल्या, दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, पेशी जिवंत होत्या. माझं आजचं सगळं काम त्या कुप्यांवर उभं आहे.

दुसरा कागद अनुदानाचा. एनआयएच या आरोग्य संशोधनाला पैसा देणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेची के०८ आणि के२३ ही तरुण डॉक्टर-संशोधकांसाठीची मुख्य अनुदानं, पण नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड हवं. के९९ ला ती अट नाही, व्हिसावरचा माणूसही अर्ज करू शकतो. पुढे मोठ्या आर०१ लाही नाही. हे मला आधी माहीत असतं तर पाच महिने वाचले असते. तू पाठ करून ठेव.

तिसरा कागद ग्रीनकार्डाचा. भारतात जन्मलेल्यांची नेहमीची रांग फार लांब आहे. शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, परीक्षक म्हणून केलेलं काम या जोरावर असामान्य गुणवत्तेच्या वर्गात अर्ज करता येतो, तो त्या मानानं लवकर होतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागद फायलीला लाव.

आणि अमेरिका हाच एक रस्ता आहे असं धरून चालू नकोस. इंडिया अलायन्सच्या फेलोशिप डॉक्टरांनाही मिळतात, त्या बघ. खारघरला टाटाचं अ‍ॅक्ट्रेक हे कर्करोगाचं संशोधन केंद्र आहे. पुण्यात बीजे मेडिकलमध्ये क्षयरोगावर परदेशी विद्यापीठाच्या जोडीनं चांगलं काम चालतं. तिसऱ्या वर्षाला आहेस तर आत्ताच आयसीएमआरच्या विद्यार्थी प्रकल्पाला अर्ज कर. विषय तुझ्या वॉर्डातला घे. व्यक्तिगत निरोप केलाय, मसुदा पाठव, मी वाचून देईन.

परळची_पोर

फोलिक आम्लाचा विषय निघालाय तर आमच्या परळची गोष्ट सांगायलाच हवी.

सुब्बारावांच्या चमूनं फोलिक आम्ल बनवलं ते १९४५ ला. पण असा काहीतरी पदार्थ आहे हे कळलं ते मुंबईत. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायांना एक भयंकर पंडुरोग व्हायचा, अंगातलं रक्तच संपायचं, त्याचा शोध घ्यायला. परळच्या हाफकिन संस्थेत त्यांचं काम चाललं. गरीब बायांच्या जेवणात काय कमी आहे ते त्यांनी शोधलं, आणि मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क दिल्यावर त्या बाया उठून बसल्या. १९३१ मध्ये हे छापून आलं. त्या अनाम पदार्थाला लोक विल्स घटक म्हणत. पुढे पालकाच्या पानांतून तो वेगळा काढला आणि लॅटिनमधल्या पान या शब्दावरून फोलिक हे नाव पडलं.

माझी पणजी गिरणीत कांडी भरायला होती. तिची पहिली दोन बाळंतपणं कशी गेली हे घरात कुणी बोलत नाही. माझ्या वेळी आशाताई लोह-फोलिकच्या लाल गोळ्या घेऊन दारात यायच्या, १८० दिवस घ्यायच्या म्हणून कॅलेंडरवर खुणा करून द्यायच्या. गिरणीतल्या बायांच्या रक्तापासून ते पर्ल रिव्हरपर्यंत आणि तिथून माझ्या हातातल्या लाल गोळीपर्यंत हा धागा आहे, इतकंच सांगायचं होतं.

सुमन_काकू

सगळं वाचलं, दोनदा वाचलं. सुब्बारावांना माझा साष्टांग नमस्कार. पण मला विचारायचंय त्यांच्या बायकोबद्दल. सासऱ्यांनी पैसे दिले म्हणता, मग त्या मुलीचं काय झालं?

वैनगंगा

काकू, तिचं नाव शेषगिरी. लग्न १९१९ मध्ये झालं. नवरा अमेरिकेला गेला तो परत आलाच नाही. एक मुलगा झाला होता, तो अगदी तान्हा असताना गेला. सुब्बारावांनी पुन्हा कधी देश पाहिला नाही, आणि ती तिकडे गेली नाही. नवऱ्यामागे ती कितीतरी वर्षं जगली.

पहिल्या पोस्टमध्ये हे लिहायला हवं होतं. मी लिहून खोडलं होतं. तुम्ही विचारलंत ते बरं झालं.

मराठी_माणूस_न्यूजर्सी

काकू, तो काळ वेगळा होता. कायद्यानं बाहेर गेला की परत आत येणं अवघड होतं, पैसे नव्हते, मग महायुद्ध. एका माणसाला सगळ्याच आघाड्या सांभाळणं कसं जमणार? त्यांच्यामुळे लाखो जीव वाचले.

सुमन_काकू

लाखो वाचले हे खरंच आहे बाळा, त्याला मी कुठे नाही म्हणते. माझे यजमान आखातात एकोणीस वर्षं होते. दोन वर्षांनी महिनाभर यायचे. मुलं त्यांना पाहुण्यांसारखं बघायची. म्हणून म्हणते, सुब्बारावांचं नाव घ्याल तिथे शेषगिरीचंही घ्या. औषध शोधायला जी वर्षं लागली त्यातली तिचीही होती.

गोमंतकी

काकूंना +१. आणि एक भर. त्याच १८९५ सालचा आणखी एक जन्म आहे, आपल्या माणसाचा. वसंत रामजी खानोलकर. घराणं गोमंतकातलं, जन्म क्वेट्ट्याचा. लंडनला जाऊन विकृतिशास्त्रात एमडी झाले आणि परत आले. मुंबईत शिकवलं, १९४१ मध्ये टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख झाले, १९५२ मध्ये इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं, तेच पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट. कर्करोग आणि कुष्ठरोग दोन्हीवर आयुष्यभर काम. तंबाखू चघळणं आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध त्यांनी मुंबईतल्या रुग्णांवरून मांडला.

परत यावं की राहावं यावर मला निवाडा द्यायचा नाही. खानोलकर हातात पूर्ण पदवी घेऊन परतले, इथे त्यांच्यासाठी जागा झाली. सुब्बाराव एलएमएस घेऊन मद्रासला परतले असते तर कुठल्या प्रयोगशाळेनं त्यांना टेबल दिलं असतं? जी सरकारी नोकरी मागितली तीही त्यांना मिळाली नव्हती. @तिसरं_वर्ष, तुझ्या वेळी दोन्हीकडे टेबलं आहेत, ही केवढी मोठी गोष्ट आहे.

संधिवाती

माहितीपूर्ण धागा. मी अकरा वर्षं आमवातासाठी मेथोट्रेक्सेट घेतोय. सकाळी शर्टाची बटणं लावता येत नव्हती, आता लावतो. नवीन रुग्णांसाठी एक कळकळीची सूचना, ही गोळी आठवड्यातून एकदाच असते, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझी मुलगी डबीवर ‘रविवार’ असं लाल पेननं लिहून ठेवते. फोलिक आम्लाची गोळी डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी लावून दिलीय. खरं आणि खोटं फोलिक आम्ल दोन्ही माझ्याच पोटात जातं आणि दोन्ही एकाच माणसाची देणगी, हे आज कळलं.

तिसरं_वर्ष

ताई, मसुदा पाठवलाय. विषय बदलला. आमच्या ओपीडीत हत्तीपायाचे रुग्ण येतात, त्यांना पाय कसा धुवायचा हे शिकवलं तर तापाच्या पाळ्या कमी होतात का, हे सहा महिने नोंदवायचंय. आमच्या सरांनी हो म्हटलंय. चंद्रपूरकर काका, तुमचा सल्ला हवाय.

चंद्रपूरकर

बाळा, आनंदानं. गोळीनं किडा मरतो पण सुजलेला पाय सहसा मूळपदावर येत नाही, त्याला निगाच लागते. रोज साधं पाणी आणि साबण, चोळायचं नाही, बोटांच्या बेचक्या मऊ फडक्यानं कोरड्या करायच्या, चिरेला मलम, झोपताना पाय उशीवर उंच. इतकं केलं तरी ताप निम्म्याहून कमी होतो असा माझा अनुभव, तू नोंद करून दाखव. एक ध्यानात ठेव, ज्यांचा पाय फार जड असतो त्यांना स्वतःच्या बोटांपर्यंत वाकता येत नाही. घरातलं कोण धुणार आहे ते आधी विचार आणि त्यालाच शिकव.

वैनगंगाताई, तुमच्या आजीचा पाय कोण धुवायचं?

वैनगंगा

मी धुवायची, काका. तिसरी-चौथीत असल्यापासून. परसात दगडावर ती बसायची, पितळी तांब्या, लाल साबणाची वडी. बेचक्यांत तिच्याच जुन्या लुगड्याची पट्टी फिरवायची. पाणी फार गार असलं की ती नुसती बोटं आखडायची, बोलायची नाही. मग मी चुलीवरचं ऊन पाणी थोडं मिसळायची.